हवा मोडते, आई

प्रिय आई,

तुला जाऊन आठ महिने झाले. पत्र लिहायचं आजच सुचलं, कारण दुपारी प्रयोगशाळेत मी एक गोष्ट पाहिली आणि हात आपसूक फोनकडे गेला, तुला सांगायला. तू नाहीस हे मागाहून आठवलं.

डहाणूच्या मासळी बाजारात तू एकदा तुझ्या बाजूला मासळी विकणाऱ्या निर्मलाकाकीला सांगत होतीस, "माझी पोर मुंबईला हवा मोडते. मोठं मशीन हाय तिकडं."

काकी हसली. "हवा काय लाकूड हाय मोडायला?"

मी शेजारीच उभी होते, शिकल्याचा माज घेऊन. सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, काहीतरी सांगू नकोस. तुला नाही कळणार ते." तू पाटीतल्या मासळीवर पाणी मारत राहिलीस. त्यानंतर माझ्या कामाबद्दल एकदाही विचारलं नाहीस. का नाही भांडलीस गं? एरवी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला सोडायची नाहीस.

आता ऐक. मशीनच्या पोकळीत आम्ही नायट्रोजनची बारीक धार सोडतो. आपण श्वासात घेतो ती बरीचशी हवा हीच. तिचा प्रत्येक रेणू दोन अणूंचा, एकमेकांना धरलेला. बोंबील सुकवताना तू एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरीवर टाकायचीस ना, तसा. त्या धारेतून आम्ही आयन सोडतो. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. पण वेग काय त्याचा! पापणी लवायच्या आत डहाणूहून तलासरीला दहा-वीसदा जाऊन येईल.

तो त्या जोडीवर आदळतही नाही. नुसता जवळून जातो आणि जाता जाता तिचे काही इलेक्ट्रॉन हिसकावतो. त्या इलेक्ट्रॉनांनीच तर दोघांना बांधलेलं असतं. मग दोन्ही अणू एकमेकांना ढकलतात आणि विरुद्ध दिशांना उडतात.

आज ते तुकडे पडद्यावर उमटले. कुठला कधी आणि कुठे पोचला हे जुळवलं की कळतं, मघाशी हे दोघं एकत्र होते. मी खुर्चीतून उठले ती उभीच राहिले. घोलवडच्या किनाऱ्यावर आपण जाळी वाळवत बसायचो, तेव्हाही खूप वर, सूर्याकडून आलेले आयन असंच करत होते. आपल्या डोक्यावर, आणि आपल्याला पत्ता नाही.

आणि तोंडातून काय निघालं ठाऊक आहे? "हवा मोडली." एवढी पुस्तकं वाचून शब्द सापडला तो तुझाच. माझं काम मी फोनवर एकदा घाईघाईत सांगितलं होतं, तेवढ्यावर तुला नेमकं कळलं होतं. न कळणारी मीच होते. मला फार लाज वाटते, आई.

येत्या रविवारी मी बाजारात जाणार आहे. निर्मलाकाकी अजून तिथेच बसते. भर गर्दीत, तुला गप्प केलं तेवढ्याच मोठ्या आवाजात तिला सांगेन, की माझी आई खरं बोलत होती आणि तिला खोटं मी पाडलं. काकी हसली तर हसू दे. तिला पटेपर्यंत मी तिच्या पाटीसमोरून हलणार नाही, हा माझा शब्द.

तुझीच,
हर्षा