फवारलेल्या भिंतीवरचा चुना

आबा, आज पालिकेची माणसं गल्लीत डासांसाठी धूर सोडून गेली आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडतेय.

तुम्ही ग्रामपंचायतीचे मेंबर. हिवतापासाठी घरं फवारायला सरकारी माणसं आली, तेव्हा लोकांना समजावलंत तुम्हीच. माझी धाकटी बहीण तापानं खंगलेली. तिच्या अंथरुणामागची भिंत तुम्ही उभं राहून फवारून घेतलीत. "पावसाळा सरेपर्यंत भिंतीला शेण नाही, चुना नाही," फवारणीवाला बजावून गेला. नव्या कारखान्यासाठी माती उकरलेल्या खड्ड्यांत पाणी साठलं होतं, डास घोंघावत होते, पण आपल्या भिंतीवर बसलेला डास मरून पडायचा. धाकटी भाकरी मागून खायला लागली होती.

मग कारखान्याच्या पायाभरणीला मंत्री येणार असं कळलं. तालुक्याचा पुढारी आपल्या ओसरीवर बसून बशीत चहा ओततोय, अजून दिसतं मला. "मेंबर, गाव कसं लख्ख दिसलं पाहिजे. मंत्री तुमच्याच घरात टेकतील, तेव्हा दवाखाना मागून घ्या." आई दाराआडून म्हणाली, "अवो, चुना नगा लावू. औषीद झाकून जाईल." तुम्ही खेकसलात, "दवाखाना काय माझ्यासाठी मागतोय व्हय? पोरीसाठीच ना?" आणि कुंचा स्वतः हातात घेतलात. तुमचं बघून सगळ्या गावानं भिंती पांढऱ्या केल्या.

मंत्री आले, टेकले, दवाखाना मंजूर म्हणाले. बाहेर टाळ्या पडत होत्या आणि आई आत त्या भिंतीकडे बघत होती. पांढऱ्या चुन्यावर एक डास निवांत बसला होता. पुढच्याच पंधरवड्यात धाकटीला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. पुण्याला नेताना, दापोडीचा पूल यायच्या आधीच, बैलगाडीत आईनं हंबरडा फोडला.

दवाखाना झाला. उद्घाटनात तुमच्या गळ्यात पडलेला हार तुम्ही पायरीवरच काढून ठेवलात आणि मरेपर्यंत ती पायरी चढला नाहीत. आई त्यावर कधी बोलली नाही. मी मात्र अजून बोलतेय, जरा ऐकायचं होतं ना हो तिचं!

हा कागद कुठं पाठवणार, चुलीतच जाईल. पण खरं सांगते, काल नातीला लस टोचायला त्याच दवाखान्यात नेलं होतं. बाळ छान वाढतंय, असं नर्सबाई म्हणाल्या. क्षणभर वाटून गेलं, आबा, बरं केलंत. आता हे धाकटीला कुठल्या तोंडानं सांगू?