दोन पाळ्यांचे एक वाचनयंत्र

मी, चित्स्के वाउदा, मालवाहू बोटीचे दिवंगत नाखवा हार्मेन वाउदा यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार झ्वार्टस्लाउस, धक्क्यासमोरचे घर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्या नवऱ्याचे शब्द माझ्यामागे हरवू नयेत, एवढ्यासाठीच मुख्यतः हा खटाटोप आहे.

कलम १. ‘वेल्टेव्रेडे’ ही बोट मुलगा सित्से आणि सून इम्के यांच्या नावावर आधीच झाली आहे. आम्ही चालवत होतो तशीच ती दोघे आळीपाळीने चालवतात. सुकाणूघराचे दार सित्सेने अर्धेच रंगवून ठेवले आहे, ते पुरे करावे.

कलम २. घर आणि बँकेतील शिल्लक सित्सेला. नणंद ख्रेत्ये हिला धूळ झटकायचा पिसांचा झाडू द्यावा. हार्मेनच्या दफनानंतर सगळे कॉफी पीत असताना ती चारचौघांत म्हणाली होती, “बोटवाल्यांकडे पुस्तकांचं साधं कपाट नसतं.” नव्हतेच. बोटीवर कागद ओलीने फुगतो. पण हार्मेनने जेवढी पुस्तके वाचली तेवढी ख्रेत्येने पुसलीसुद्धा नसतील.

कलम ३. काळ्या कव्हरचे, एका कोपऱ्यात चेपलेले, पडद्यावर पुस्तके वाचायचे वाचनयंत्र. याबद्दल सविस्तर लिहिणार आहे, तेव्हा नोटरीबाईंनी घड्याळाकडे पाहू नये.

हार्मेन सुकाणूवर असे तेव्हा मी झोपलेली, मी सुकाणूवर तेव्हा तो. पाळी बदलताना आमचे बोलणे म्हणजे पाण्याची खोली, पुढचा पूल कधी उघडणार, आणि सूप गरम आहे की नाही. यंत्र मात्र काटकसर म्हणून एकच घेतले होते. त्यामुळे एकच पुस्तक दोघे पाळीपाळीने वाचू लागलो आणि समासात शेरे लिहू लागलो. मी लिहिले, “ही नायिका फारच रडते बाई.” माझी झोप होईतो खाली उत्तर तयार: “रडू दे गं. नवरा बघ तिचा, बोट बांधायला निघाला आणि दोर घरी विसरला.” एकदा भलत्याच प्रकरणात लिहिलेले सापडले, “कालचं सूप खारट होतं. तोंडावर सांगायची छाती झाली नाही.” उभ्या संसारात तो माझ्याशी बोलला नाही तेवढे त्या समासांत बोलला. फार गोड माणूस होता. मला तो तिथेच नीट कळला.

यंत्रही गुणी. पान उलटायला खरी बटणे, ओले हातमोजे असले तरी दाबली जाणारी. उजेड इतका मंद की रात्री पुलापाशी ताटकळताना वाचले, तरी डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नसे. एकदा चार्ज केले की रॉटरडॅमहून बाझलला जाऊन परत येईपर्यंत काळजी नाही. हार्मेनची नजर मंदावली तशी त्याने अक्षरे मोठी केली. जगातल्या सगळ्या यंत्रांनी याच्याकडून शिकावे. बनवणाऱ्यांना मात्र माझे सांगणे आहे: विकलेले पुस्तक विकलेलेच राहू द्या. आणि समासात माणसाने लिहिलेले त्याचे असते, दुकानाचे नव्हे.

कलम ४. हे मी का म्हणते ते सांगते. हार्मेन गेला तेव्हा रीतीप्रमाणे राखाडी काठाची शोकपत्रिका मी सर्वांना पाठवली. बँकेला, दातांच्या डॉक्टरांना, स्केटिंग मंडळाला, आणि कोणी राहायला नको म्हणून पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानालाही. दुकानाचे उत्तर फार अदबीचे होते. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. खाते बंद केले आहे. यंत्र इंटरनेटला जोडताच त्यातील पुस्तके व नोंदी काढल्या जातील. हार्मेन एकदा गेलाच होता, आता पुन्हा जाणार होता, आणि तेही मी स्वतः तिकीट लावून पाठवलेल्या पत्रामुळे.

फोनवर सित्से म्हणाला, “पुस्तकंच ना, आई? परत घेऊ की.”

मागून इम्के ओरडली, “दे इकडे तो फोन! आई, यंत्र घरच्या इंटरनेटला जोडलंत का?”

“पासवर्ड मागतंय गं.”

“मागू दे! अजिबात देऊ नका. विमानाचं चित्र दिसतंय ना? ते दाबा आणि कपाटात ठेवून द्या. आलेच मी.”

हासेल्टला बोट बांधून, डेकवरची गाडी क्रेनने काठावर उतरवून ती तेलकट कपड्यांतच आली. तिने तार जोडली आणि शेरे एकेक करून उतरवून घेतले. एक प्रत तिच्या संगणकात, एक माझ्या बँकेच्या तिजोरीत, एक कागदावर छापून. “एवढ्या प्रती कशाला?” मी विचारले. “बोट काय एका दोराने बांधता का, आई?” ती म्हणाली. ही मुलगी लाखात एक आहे. आमच्या घरात असले तोंडावर सांगत नाहीत, म्हणून येथे लिहिते.

कलम ५. तिन्ही प्रती इम्केच्या ताब्यात राहतील. माझे सर्व पासवर्ड नोटरीबाईंकडील बंद पाकिटात आहेत. माझी शोकपत्रिका दुकानांना पाठवू नये.

कलम ६. गेल्या नाताळात भांडी पुसताना इम्के मला म्हणाली, “आठवडेच्या आठवडे आम्ही दोघं फक्त डिझेल आणि पाण्याबद्दल बोलतो, आई.” मी तेव्हा पुढची बशी तिच्या हाती दिली. माझे उत्तर हे आहे. वाचनयंत्र सित्से आणि इम्के या दोघांना मिळून देत आहे. तुम्हाला दुसरे परवडते हे मला माहीत आहे. घेऊ नका. पाळी बदलली की हे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जावे.

आमचे शेरे आत असते तर तुम्हाला लिहायचा संकोच वाटला असता. म्हणून आज सकाळी ते मी माझ्या हाताने पुसले. प्रती सुखरूप आहेत हे ठाऊक असूनही हार्मेनची शेवटची ओळ पडद्यावरून गेली तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. आत आता एकच नवे पुस्तक आहे, विकलेल्या पुस्तकाला कुलूप न लावणाऱ्या दुकानातून घेऊन तारेनेच आत घातलेले. त्याचे समास कोरे आहेत.

इम्के, पहिली पाळी तुझी. त्याला काहीतरी लिही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: चित्स्के वाउदा
साक्षीदार: १. योरित डायक्स्ट्रा, पूलचालक. २. वेन्दला प्रिन्स, शेजारी.
ठिकाण: झ्वार्टस्लाउस. दिनांक: ११ मार्च २०२४.