चंद्र बंद करायचा राहिला

२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या शेंडेफळाचा साष्टांग नमस्कार. समोर वाकले तर पाठीत धपाटा घालतेस, म्हणून हा दुरूनच. भावोजींनाही नमस्कार सांग, आणि सांग की किडेवाली अजून जिवंत आहे.

पत्र बघून हसशील. हल्ली पत्र कोण लिहितं? पण तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेज लिहायला घेतला की माझी गाडी एका शब्दापुढे सरकत नाही. म्हटलं, सरळ कागद घ्यावा.

इकडे सगळं ठीक. मोरीतला नळ अजून गळतोय. घरमालकीणबाई म्हणतात, माणूस पाठवते. तो माणूस बहुतेक अजून जन्माला यायचाय. खोकला गेला. तू दिलेला स्वेटर कोपरावर विरला, पण घालते. वजन कमी झालंय, ते मुद्दाम केलेलं नाही.

तुझा शेवटचा मेसेज पाठ झालाय मला. ‘द्यायची नसतील तर तोंडावर सांग. हो की नाही, एका शब्दात कळव.’ रागावलीस ते बरोबरच आहे. तुझ्या स्वयंपाकघरात तू घाबरत घाबरत विचारलंस, ‘तुझी बीजं मला देशील का गं?’ आणि तुझं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणाले होते. वर ‘अंडी म्हण ना सरळ, लाजतेस काय,’ म्हणून तुला चिडवलंही होतं. तू हातातलं पातेलं तसंच धरून रडलीस. आणि रक्त तपासायला दिल्यापासून मी आपली एकच टेप लावून बसलेय, ‘रिपोर्ट यायचाय, रिपोर्ट यायचाय.’ कोणाचंही डोकं फिरेल.

आधी लॅबमधलं सांगते. आमच्या लॅबच्या मुख्य बाई माझ्यावर भडकल्यात. चूक माझीच आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझे किडे तुला ठाऊक आहेत. समुद्रातले, बोटाएवढे, अंगाच्या दोन्ही बाजूंना पायांची झालर असलेले. तू एकदा मोठ्या हौसेने बघायला आलीस आणि दारातूनच मागे फिरलीस. त्यांचा मेंदू खसखशीच्या दाण्याहून लहान असतो. पण त्या एवढ्याशा मेंदूतून एक रस झिरपतो आणि अख्खा किडा त्याच्या धाकात राहतो. त्या रसाचं शास्त्रातलं नाव लांबलचक आहे. मी मनातल्या मनात त्याला ‘थांब’ म्हणते. तुझ्यावरूनच ठेवलंय, दुसऱ्या कोणावरून ठेवणार?

‘थांब’ झिरपतोय तोवर किडा खातो, वाढतो, शेपूट तुटली तर नवी करतो. तो आटला की मादीचे डोळे मोठे होतात, पोटातलं आतडं विरघळतं, खाणं बंद होतं, आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं अंड्यांना जातं. मग ती एकदाच पाण्याच्या वर येते, अंडी सोडते आणि संपते. लहान किड्याचा मेंदू आम्ही काढला, तर ‘थांब’ म्हणणारं कोणी उरत नाही. अंडी घाईघाईने वाढतात आणि खराब निघतात. उलट, लहानाचा मेंदू काढून मोठ्याच्या पोटात ठेवला, तर मोठा पुन्हा थांबतो. हे मी रोज करते. म्हणून तू विचारलंस तेव्हा मला काडीचं नवल वाटलं नाही. लहानीचं काढून मोठीच्या पोटात ठेवायचं, हा तर माझा रोजचा धंदा. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी. जन्मभर तुझ्याकडून घेतच आले. एकदा तरी माझ्याकडे असं काही निघालं की जे तुला हवंय.

आता चूक. हे किडे चंद्राच्या हिशेबाने वर येतात. आमच्या खोलीला खिडकी नाही, म्हणून आम्ही छताला एक मिणमिणता बल्ब लावलाय. तोच त्यांचा चंद्र. काही रात्री तो तेवत ठेवायचा आणि मग बंद करायचा. तो मावळला की त्या हिशेबाने पुढे नर-माद्या एकाच सुमाराला तयार होतात. बंद करायचं काम माझं. जानेवारीत ते माझ्याकडून राहिलं. आणि नंतर कितीतरी दिवस मी त्या खोलीत जाऊन, पाणी बदलून, पालक टाकून येत होते. वर बल्ब जळतोय हे दिसत होतं आणि कळत नव्हतं. किड्यांची बिचाऱ्यांची पौर्णिमा संपेचना.

मागच्या आठवड्यात एक मादी वर आली. एकटीच. अंड्यांनी भरून पिवळी झालेली, डोळे मोठ्ठे. भांड्यात गोल गोल फिरत राहिली. मी सगळी भांडी धुंडाळली, एकही नर तयार नव्हता. कसा असणार? सगळ्यांचा हिशेब मीच मोडला होता. संध्याकाळी ती तळाशी पडलेली दिसली. असे किती किडे माझ्या हाताखाली मेले असतील, ताई, कधी काही वाटलं नाही. या वेळी मी खुर्चीत बसून रडले. बाईंना वाटलं, त्यांच्या ओरडण्यामुळे रडतेय.

“चंद्र बंद करायचा राहतो कसा?” त्या विचारत होत्या. मी म्हटलं, डोकं दुखत होतं.

डोकं दुखत नव्हतं. बल्ब बंद करायचा त्याच दुपारी मी तुझ्या डॉक्टरबाईंकडे गेले होते. रिपोर्ट तेव्हाच आला होता.

त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, “वय काय म्हणालात?”

“एकतीस.”

त्यांनी पुन्हा कागद पाहिला. “तुमच्या ताईंसारखंच आहे हे. अंड्यांचा साठा जवळपास संपलाय.”

मी चक्क हसले. म्हटलं, “डॉक्टर, बहिणी आहोत, फायली अदलाबदल झाल्या असतील.” आमच्याकडे होतं असं, भांड्यांवरच्या चिठ्ठ्या पुसल्या की. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. तेच आलं. मग विचारलं, घरात आणखी कोणाला असं? मी मावशीचं सांगितलं. आठवतं, लग्नाकार्यात तिला मूल नाही म्हणून लोक काय काय कुजबुजायचे आणि आई कशी तणतणत यायची? डॉक्टर म्हणाल्या, “मग रक्तातच असावं.” मी दुसऱ्या डॉक्टरांकडेही जाऊन आले, तुला न सांगता. त्यांनी तेच सांगितलं, फक्त जरा लवकर आटपलं.

तुला का नाही सांगितलं? कारण तू म्हणाली होतीस, परकीची नकोत. ‘मला आईची जिवणी पुन्हा एकदा बघायचीय. तुझ्याकडून आली तर आली, नाहीतर हा विषय बंद.’ आपण दोघीच तर आहोत. तिसरी कुठून आणू? मला वाटलं, तुला वाटू दे की धाकटी फिरली, आपमतलबी निघाली. माझ्यावर रागावलेली ताई परवडली. राग असला की तू उठतेस, भांडी आपटतेस, कामाला लागतेस. हे ऐकल्यावर तू काय करशील ते मला माहीत नाही.

म्हणून मी ‘नाही’ असं टाइप करायचे. कितीदा केलं आणि कितीदा पुसलं. हात धजला नाही. नाही कसं म्हणू गं? पोट चिरून द्यायची वेळ आली असती तरी दिली असती.

एका शब्दात हवं होतं ना तुला? नाहीत.

माझं काय, असंही तू विचारशीलच. मला मूल हवं की नको हे मी ठरवलंही नव्हतं. वाटायचं, बघू सावकाश. आता ठरवायचं काही उरलं नाही. मला त्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

आणि एक. आई गेल्यावर माझं शिक्षण होईपर्यंत तू भावोजींना लग्नाला थांबवून ठेवलं होतंस. मी डॉक्टरांना विचारलं, ताईने आधी लग्न केलं असतं तर? त्या टेबलावरचे कागद नीट लावायला लागल्या. मी पुन्हा विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

रविवारी सकाळी येते. धीर द्यायला येत नाहीये, माझ्याकडे तो नाही. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन. लहानपणी रस्ता ओलांडताना तू माझं मनगट घट्ट धरून म्हणायचीस, “थांब.” मी दर वेळी विचारायचे, “किती वेळ?” आणि तू म्हणायचीस, “मी सांगेपर्यंत.” दाराआडून तेवढं एकदा म्हण. किती वेळ, ते मी विचारणार नाही.

तुझं, आणि आता आपल्या घराचंही,
शेंडेफळ