दोन सीटची बाबागाडी

प्रिय डीना,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून पाच महिने आपण दोघी बहिणी धड बोललेलो नाही, आणि फोन केला तर मी भांडणार हे नक्की, म्हणून लिहिते आहे. आधी चांगली बातमी. फ्लोरिडाहून आम्ही काल सुखरूप परत आलो आणि हॅटीचे गुडघे ठीक आहेत. हे लिहितानासुद्धा किती हलकं वाटतंय गं!

सहा वर्षांच्या मुलीला संधिवात, हे लोकांना पटतच नाही. सकाळी तिला जिना उतरवत नाही आणि दुपारी ती कुत्र्यामागे पळते, मग सगळे म्हणतात, हिला कुठे काय झालंय? तूही तेच म्हणालीस. भर टेबलावर, भोपळ्याची पेस्ट्री कापता कापता म्हणालीस, "मार्ला, बाबागाडीत बसवून बसवून तू त्या पोरीला पांगळी करशील." मी ताट तसंच टाकून उठले ते तुला आठवत असेलच.

म्हणून यंदा बाबागाडी घेताना माझी अक्षरशः परीक्षा झाली. नवरोबा कर्टचं म्हणणं, धाकट्या, दोन वर्षांच्या वेसपुरती साधी गाडी घेऊ, हॅटी दमली की मी तिला खांद्यावर घेईन. घेतोय! त्याची पाठ सोफ्यावरून उठतानाच कुरकुरते. मला ओढायची चार चाकांची गाडी आवडली होती, पण ती फ्लोरिडाच्या त्या थीम पार्कात आत नेऊ देत नाहीत. तिथे भाड्याने मिळते ती कडक प्लास्टिकची, पाठ टेकायची सोय नाही. एकामागे एक सीटवाली निमुळती असते, पण मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला घासतात, म्हणजे तीही बाद. शेजारी-शेजारी सीटवाल्या बहुतेक गाड्या चाळीस पौंडांपर्यंतच्या, आणि आमचं हॅटीबाळ चव्वेचाळीस. शेवटी पन्नास पौंड पेलणारी एक सापडली. मी टेप काढून रुंदी मोजली, हॅटीला बसवून पाय लांब करायला लावले. दुकानातली मुलगी म्हणाली, ही तर शाळेत जात असेल ना? मी टेप गुंडाळून पिशवीत टाकली. डोक्यात तुझंच वाक्य होतं.

आता जे सांगणार आहे ते कर्टलाही सगळं सांगितलेलं नाही. पार्कात चौकशीच्या खिडकीवर मुलाचा आजार सांगितला की गाडीच्या दांड्याला एक लाल पट्टी लावून देतात. मग ती गाडी व्हीलचेअर धरली जाते आणि मूल रांगेतही बसून राहू शकतं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, पट्टी घ्या. पहिल्या दिवशी मी ती घेतली नाही. हॅटी उभी राहू शकते हे मला तुला दाखवायचं होतं, तू हजार मैलांवर असलीस तरी. होड्यांच्या राइडबाहेर शंभर गाड्यांच्या ओळीत मी आमचीही लावली, वेसला कडेवर घेतलं आणि कर्टसकट पन्नास मिनिटांच्या रांगेत शिरले. हॅटी अगदी शहाण्यासारखी गप्प होती. मला वाटलं, बघ, जमतंय की. मग मागच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, पोरगी रडतेय, बघा तरी. कठडा धरून ती एका पायावर उभी होती, आणि दुसरा गुडघा पावासारखा फुगला होता. कर्टने तिला उचललं आणि पाठीचं नावही न काढता बाहेर नेलं.

पट्टी मिळायला दोन मिनिटं लागली. कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सूज उतरली, डॉक्टर फोनवर म्हणाल्या, इजा काही नाही, फक्त बसू द्या तिला, आणि मी मोटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडून घेतलं. पुढचे तीन दिवस दोघं शेजारी-शेजारी बसून राजासारखी फिरली. वेस चिकट हात तिच्या केसांत घालून झोपायचा आणि ती ओरडायची. होड्यांत तर आम्ही तीनदा बसलो.

पण त्या पहिल्या दिवशी तिच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले असताना मी तिला विचारलं, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "डीना मावशीला सांगशील ना, मी उभी राहिले होते?" थँक्सगिव्हिंगला ती कुत्र्याला घेऊन टेबलाखाली बसली होती, डीना. तिने सगळं ऐकलं होतं. तेव्हापासून रोज विचारते, मावशीला सांगितलंस का? म्हणून हे पत्र. घे, सांगितलं. ती उभी राहिली होती, एकोणीस मिनिटं. तुझ्यावर माझा राग नाही आता. गाडी बाहेर मी ठेवली होती, तू नाही. पण दुखलं की बसायचं, हे मी कितीदा सांगितलं तरी तिला पटत नाही, ते तुझ्याकडूनच यायला हवं. तेव्हा मला उत्तर लिहू नकोस. तिला लिही. जरा मोठं अक्षर काढ, तिला आता वाचता येतं.

अजूनही तुझीच,
मार्ला