बलभीमच्या होडीला मोटर

२८ ऑक्टोबर १९४६, सोमवार

बलभीम सकाळी चक्कीवर आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. दळण नव्हतं त्याचं. डावा हात मांडीवर ठेवलेला — म्हणजे उजव्या हातानं उचलून ठेवलेला. श्रावणात लकवा मारला, तेव्हापासून तो हात असाच. होडीत उभं राहून बांबू रेटायचा तर दोन्ही हात लागतात. त्याची होडी तळ्याच्या पाळीवर पालथी पडून आहे.

बायामाणसांची दळणं संपली तेव्हा बोलला. "आप्पा, तळ्यातली मासळी धरायचा गुत्ता जातोय माजा. तहसीलची मानसं बघून गेली. संक्रांतीपतुर जाळं पान्यात दिसलं न्हाय तर दुसऱ्याला देनार म्हनं."

मग — "होडीला इंजिन असतंय व्हय? तुमाला इंजिनातलं कळतंय. सोलापुरात एखादं बघा की."

पैशाची सोय त्याच्या पोरानं केली आहे. पोरगा सोलापूरला गिरणीत, इकडं यायचा नाही. बायको गजराबाई पाटी घेऊन बाजारात मासे विकते, पण भोयाची बायको असून पाण्याला भिते! भावकीतले बाकीचे भोई आपापल्या पाण्यावर. तळं गेलं तर बलभीम संपला. तसं तो म्हणाला नाही, पण मला कळतं.

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं! मला पोहायला यानंच शिकवलं होतं.

२९ ऑक्टोबर

घरी बायकोला, रुद्रम्माला सांगितलं. चूक केली. भाकरी थापता थापता हात थांबला तिचा.

"गळ्यात लिंग हाय नव्हं तुमच्या? आनि मासे मारायचं यंत्र आनायला निघालाव?"

मी म्हटलं, यंत्र होडी चालवतं. मासे जाळं धरतं.

"मग उद्या खाटकाला सुरी बी आनून द्या. सुरी काय, नुसती कापतीय."

मी उठून चक्कीवर गेलो. 

३१ ऑक्टोबर

चक्कीत ज्वारीबरोबर किती किडे दळले जातात, त्याचा कधी विचार केला का? केला नाही. आज केला आणि दुपारचं जेवण गेलं नाही. पण किडा चुकून सापडतो. मासा कुणी चुकून धरत नाही.

बरं, बलभीमला नाही म्हणू? मासे न मारता भोयानं काय करावं, हे सांगायला मी कोण? चाळीस वर्षं त्याच्याशी दोस्ती केली, तेव्हा तो मासेच मारत होता. मी बघत होतो फक्त. पाळीवर बसून.

खरं लिहायचं तर मला बलभीम तळ्यात हवा आहे आणि मासे जाळ्याबाहेर. दोन्ही कसं जमावं!

४ नोव्हेंबर, सोमवार

सोलापूर. उपास होता, तसाच गेलो. वीरप्पाच्या दुकानात लढाईतलं उरलेलं सामान येतं — टायर, तंबू, डबे, कसले कसले पंप. वीरप्पा आपल्यातलाच. "होडीची मोटर? तुम्हाला?" म्हणून आधी पोटभर हसला, मग दोन काढून दाखवल्या.

पहिली बॅटरीवरची. कुणा साहेबानं बदकांच्या शिकारीसाठी विलायतेहून आणलेली. साहेब आता मायदेशी निघाला. वीरप्पानं पिंपात पंखा बुडवून चालू केली. आवाजच नाही! पाणी नुसतं हललं. "बदकाला कळत नाही, माशाला काय कळणार," म्हणाला. बॅटरी माझ्या चक्कीच्या इंजिनावर डायनामो लावून भरता येईल. पेट्रोल नको, परमिट नको, कुणाच्या पाया पडणं नको.

दुसरी पेट्रोलची, फौजेतली. दोरी ओढली तर दुकानाचे पत्रे थडथडले. समोरचा शिंपी बाहेर आला बघायला. धूर, वास, आणि बोलणं तर ऐकूच येईना.

कोणती घ्यावी हे चक्कीवाल्याला सांगावं लागत नाही. बॅटरीची. डोळे झाकून.

मी पेट्रोलची घेतली.

५ नोव्हेंबर

वीरप्पाला सांगितलं की बॅटरी जड, तेजाब सांडतं, होडी कलंडेल. बलभीमलाही तेच सांगणार आहे. हे सगळं खरं आहे. पण म्हणून नाही घेतली.

इथं लिहितो. मासा बहिरा नसतो, हे बलभीमनंच मला लहानपणी शिकवलंय. घाटावर पाय आपटला की मासे पळायचे. इतका आवाज करत होडी आली तर त्यांना आधीच कळेल. ज्याला जायचं तो जाईल. बलभीमचं जाळं पाण्यात दिसेल, गुत्ता राहील, दोन वेळचं मिळेल — आणि बाकीचे वाचतील. माझ्या हातून तेवढं तरी.

तामलवाडीकडून येताना निजामाच्या करोडगिरी नाक्यावर, जकातीसाठी, शिपायानं पोतं उघडलं. "ये क्या है? पानी का पंप?" म्हटलं, होडीचं इंजिन. त्यानं चौफेर माळरानाकडं बघितलं. "होडी? किधर चलाते मियाँ?" आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी मोकळं हसलो.

१० नोव्हेंबर

परमिटासाठी दोघांच्या पाया पडलो, तेव्हा पेट्रोल मिळालं. मागच्या फळीला लोखंडी पट्टी ठोकून मोटर बसवली. गजराबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि लगेच पाण्यापासून चार पावलं मागं सरली. दोरी मी ओढली. म्हशी शेपट्या वर करून गावाकडं पळाल्या! सगळं गाव पाळीवर.

बलभीम उजव्या हातानं दांडा धरून एकटाच तळ्याच्या मध्यापर्यंत गेला आणि वळून आला. उतरला तेव्हा डोळे ओले होते. पाणी उडालं असेल म्हणावं, तर सदरा कोरडा.  रुद्रम्मा आली नव्हती.

११ नोव्हेंबर, सोमवार

त्याचे दोघे मेहुणे मोटर बघायला म्हणून आले होते. त्यांनी तळ्याच्या तोंडाला जाळं आडवं बांधलं, दोघांनी दोन टोकं धरली, आणि बलभीमनं पलीकडून मोटर सोडली.

मी म्हटलं, आता पळतील.

पळाले! सगळे पळाले. सरळ जाळ्यात. मरळ, वाम, बोटभर पोरंटोरंसुद्धा. जाळं ओढताना मेहुण्यांच्या पाठी वाकल्या.

बलभीमला बोलताना दम लागत होता. "आप्पा, आमी जन्मभर बांबूनं पानी बडवून मासा हाकत आलो. हाकल्याशिवाय जाळ्यात येतोय व्हय त्यो? हे इंजिन म्हंजी धा मानसांचं बडवनं! बिनआवाजाचं आनलं असतं तर मी उपाशीच मेलो असतो की. तुमी लिंगायत, पर माशाचं मन बरं वळखलंत!"

आणि माझ्या पाठीवर थाप मारली. चांगल्या हातानं.

पाटीत मासे तोंड उघडत होते, मिटत होते. मी घरी आलो.

१२ नोव्हेंबर

चक्की बंद ठेवली. अंग दुखतं म्हणून सांगितलं.

१५ नोव्हेंबर

मेहुणे आपल्या गावी गेले. बलभीम एकटा उतरला पाण्यात. मी पाळीवर, नेहमीच्या जागी.

इतके दिवस आम्ही दोघं मोटर, मोटर करत होतो. तिलाही एक हात लागतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! दांडा धरला तर जाळं सुटतं. जाळं धरलं तर होडी फिरते. त्यानं दातांनी जाळ्याची दोरी धरून बघितली. शेवटी दोरी पंख्यात अडकली, मोटर बंद पडली, आणि तो तळ्याच्या मध्ये नुसता बसून राहिला. माझ्याकडं बघत नव्हता. हाकही मारली नाही.

त्यानं हाक मारली असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर

रुद्रम्माला सगळं सांगितलं. आवाजाची मोटर का घेतली, तेसुद्धा. ती तांदूळ निवडत होती.

"त्यो एकटाच बसला व्हता मधी?"

हो म्हटलं.

"मग तुमी पाळीवर काय करत व्हता?"

१८ नोव्हेंबर, सोमवार

मोटर मी धरली, जाळं बलभीमनं. पाणी स्वच्छ होतं. लव्हाळ्याच्या कडेला मोठी मरळ हलली, ती बलभीमच्या आधी मला दिसली. मी दांडा तिकडं वळवला. आनंद झाला. शिव शिव — आनंद झाला!