ज्याचे त्याने मागायचे नाही

॥ श्री ॥

पत्र्याचे शेड क्र. २२,
ता. औसा, जि. लातूर
रविवार, दि. ९ जून १९९६
सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. सटवाजीकाकांस,
नरसिंगचा सा. न. वि. वि.

हे पत्र टँकरच्या रांगेत पालथ्या बादलीवर बसून लिहीत आहे. आपली घागर चौदावी आहे आणि टँकर अजून आलेला नाही, म्हणून वेळ आहे. अक्षर हलले तर क्षमा असावी. आईचा गुडघा आता बरा आहे. तारामती बारावीच्या क्लाससाठी लातूरला राहायला गेली. पत्र्याखाली हा आमचा तिसरा उन्हाळा.

कामाचे लिहितो. काल तलाठ्यांनी बोलावले होते. भूकंपग्रस्ताच्या दाखल्यासाठी एका घरातले एकच नाव घेणार आहेत. त्या दाखल्यावर सरकारी नोकरीत राखीव जागा मिळते. आपले पडलेले घर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बाबांच्या आणि तुमच्या अशा दोन्ही नावांवर आहे, म्हणून ते एकच घर धरले. बाबांच्या जागी आई अंगठा देईल. तुमची सही लागेल. दोन्हीपैकी एक जरी नसले तरी कोणाचेच नाव लागणार नाही. शेवटची तारीख १५ जुलै. नावे दोन आहेत, तुमचा बजरंगदादा आणि आपली तारामती. रात्रभर विचार केला, पण एकट्याने ठरवण्याची माझी छाती होत नाही.

म्हणून एक सुचवतो. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर आमच्या ओळीत शेड चाळीस आणि ब्लँकेटे एकतीस आली. यादी माझ्याकडे होती, कारण माझे शुद्धलेखन बरे. सगळे एकदम ओरडू लागले. तेव्हा शेजारच्या शेडातल्या गौरम्मा आजी म्हणाल्या की, ज्याचे त्याने मागायचे नाही, पलीकडच्या पत्र्याचे मागायचे. पत्र्यातून सगळे ऐकू येते, कोणाचे लेकरू खोकते ते शेजाऱ्यालाच ठाऊक. जो स्वतःच्या छपराखालच्यासाठी तोंड उघडेल तो बाद. अर्ध्या तासात वाटप झाले, कोणी भांडले नाही. फक्त शेवटी मोजताना यादीत एकोणचाळीसच शेड निघाले. ते असो.

आपणही असेच करू. तुम्ही, बजरंगदादा, तारामती आणि मी, प्रत्येकाने आपले छप्पर सोडून एक नाव कळवावे. मी बजरंगदादाचे नाव मागतो. तो तीनदा सरकारी भरतीच्या परीक्षेला बसला आणि तिसऱ्यांदा दोन गुणांनी राहिला, हे मला पलीकडून दिसते.

टँकर आला. काकूंना नमस्कार. लोभ असावा, आणि उत्तर लवकर असावे.

तुमचा,
नरसिंग


नांदेड
१७ जून १९९६

चि. नरसिंगास,
सटवाजीचे अ. आ.

पत्र पोचले. लई कायदा शिकून राहिलास की रे. शेडातल्या म्हातारीचा न्याय नांदेडात चालत न्हाई. तू बजरंगचे नाव सांगतोस, मी बी त्याचेच सांगतो, मग कागद कशाला काळे करायचे? फॉर्म पाठवत आहे. त्यात बजरंगचे नाव मी लिहून टाकले आहे. वहिनीचा अंगठा घे आणि लावून टाक.

तारामती गुणाची पोर हाय, पण पोरीची जात. उद्या सासरी गेली की आहेराच्या भांड्यांसंगं दाखला बी तिकडंच. राहिला तू. तुझे नाव तूच घेतले न्हाईस ते बरे केलेस. नववी पास माणसाला सरकार खुर्ची देणार का खुर्ची पुसायला फडके?

आणि एक लिहून ठेव, तुला लिहायची हौस हाय. माझ्या वाटणीचे रान तुझ्या बापाने वीस वर्षे कसले. भावाला लेकरे हायेत म्हणून मी पोतेभर तूर कधी मागितली न्हाई. ते कोणत्या पत्र्यातून ऐकू येते, तुझ्या आजीला इचार.

राग मानू नये. वडिलांच्या जागी आहे म्हणून लिहिले.

सटवाजी


लातूर
२२ जून १९९६

ती. दादास,
तारामतीचा शि. सा. न.

तुझ्या पत्राची आणि काकांच्या उत्तराची तू केलेली नक्कल मिळाली. त्यांचे बोलणेसुद्धा तू काना-मात्रा सांभाळून उतरवलेस, धन्य आहे तुझी. इथे खोलीत आम्ही सहाजणी, नळ एक, सकाळी एकीला एक बादली. रांगेचे वाचून हसू आले. मी तुझीच बहीण, माझी बादली कायम तिसरी असते.

काकांना एवढे कळव. ज्या पहाटे घर पडले त्या पहाटे मी त्याच घरात होते, सासरी नव्हते.

पण माझे नाव नको. मला गुण मिळवता येतात आणि मी ते मिळवीन. क्लासमध्ये आमच्या बाकावर चौघी बसतात, तरी माझे कोपर कोणी हलवू शकत नाही. शिवाय मी आता लातूरच्या स्लॅबखाली राहते, तुझ्या पत्र्याखाली नाही. म्हणजे नियमाने मला तुझे नाव मागता येते. मी मागते.

तू यादीत दोनच नावे लिहिलीस. ब्लँकेटच्या वेळी राहिलेले चाळिसावे शेड कोणाचे होते, ते तू काकांना लिहिले नाहीस. आपले होते. त्या थंडीत आई, तू आणि मी एका सतरंजीत झोपलो. यादी धरणाऱ्याचे मागायला कोणी नव्हते आणि मी लहान होते, म्हणून गप्प बसले. आता गप्प बसणार नाही.

क्लासच्या सरांना विचारले. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तू दहावी अर्धी सोडलीस ती आमच्यासाठी, हे काकांना माहीत नाही का? माझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावून परत पाठवतोस आणि स्वतः नववीवर बसून राहतोस. फॉर्म आणते आहे. नाही म्हणालास तर मी अशुद्ध लिहायला लागेन.

आईला सांग, मी जेवते. माया आहेच, ती अशीच ठेव.

तुझी,
तारा


नांदेड
२७ जून १९९६

प्रिय नरसिंग,
स. न.

आप्पांचे पत्र तुला पोचले तसे तुझे मला आप्पांच्या खिशातून पोचले. मी एवढी पत्रे लिहीत नसतो, थोडक्यात लिहितो.

मला नोकरी पाहिजे, खोटे कशाला बोलू. सोयरीक त्याच्यावर अडून राहिली आहे. पण फॉर्मवर भूकंपग्रस्त हा शब्द आणि पुढे माझे नाव वाचले, ते मला माझे वाटेना. त्या पहाटे इथे माझी बाज हलली. मी कूस बदलून पुन्हा झोपलो. तिसऱ्या दिवशी आप्पांबरोबर गावाला आलो तेव्हा तुझ्या बाबांचे सगळे उरकले होते, आणि तू दगड वेचत होतास. आपल्या घराचे एकीकडे, शेजाऱ्यांचे दुसरीकडे. मी विचारले की आता कोण मोजणार आहे, तर तू म्हणालास की त्यांचे त्यांना मिळाले पाहिजेत. मला तेव्हा तू खुळा वाटलास.

मी तुझे नाव मागतो. आप्पांना तोंडावर सांगितले, ते ताटावरून उठले. हे पत्र त्यांना दाखव, लपवू नको. चौथ्यांदा बसणार आहे. दोन गुण म्हणजे काही डोंगर नव्हे.

ओळख ठेव.

बजरंग


शेड क्र. २२
मंगळवार, दि. २ जुलै १९९६
दुपारी पावणेतीन

ती. सटवाजीकाकांस,
नरसिंगचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला फॉर्म परत पाठवत आहे. फाडलेला नाही, नीट घडी केली आहे. सोबत दुसरा फॉर्म आहे. त्यावर आईचा अंगठा आहे आणि नाव माझे आहे. खाडाखोड नाही.

कसे ठरले ते सांगतो. मी बजरंगदादाचे मागितले. तारामतीने आणि बजरंगदादाने माझे मागितले. त्याचे पत्र त्याच्याच सांगण्यावरून जोडले आहे. तुम्ही स्वतःच्या छपराखालचे मागितले, म्हणून तुमचे बाद. काका, तुम्ही तारामतीसाठी एक शब्द टाकला असता, माझ्यासाठी अर्धा टाकला असता, तरी मी वाद घातला नसता. तुम्ही आमच्या बाजूला एकदा वळूनही पाहिले नाही आणि नाव लिहून मोकळे झालात.

नववीचे म्हणालात, ते खरे आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहे, मार्चमध्ये दहावीला बसेन. खुर्ची मिळाली नाही तर फडके घेईन. त्याची मला लाज नाही.

गौरम्मा आजींना तुमचा प्रश्न विचारला. त्या शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या की वीस वर्षांचे ऐकू येते, चांगले ऐकू येते, तुझा काका खोटे बोलत नाही. पण रानाचे देणे रानातून फेडायचे, ते दाखल्यात कालवायचे नाही. मला ते पटले. बाबांनी कधी सांगितले नव्हते. तुमच्या पत्रातून पहिल्यांदा कळले, त्याबद्दल तुमचे उपकार मानतो.

सही करायची की नाही ते तुमच्या हातात आहे. केली नाहीत तर कोणाचेच नाव लागणार नाही. ते मी सोसेन. पण तुम्ही लिहिलेल्या नावावर आईचा अंगठा लागणार नाही. मी आजपर्यंत तुमच्यापुढे मान वर करून बोललो नव्हतो. हे पत्र तीनदा वाचले, एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

रागवायचे असेल तर पत्र लिहून रागवावे, पण लिहावे.

तुमचाच,
नरसिंग


शेड क्र. २२
मंगळवार, दि. १६ जुलै १९९६
सकाळी सात

ती. सटवाजीकाकांस,
नरसिंगचा सा. न. वि. वि.

पाकीट शुक्रवारी मिळाले. आत फॉर्म होता, पत्र नव्हते. पाकीट दोनदा झटकून पाहिले. फॉर्म बऱ्याच वेळा घडी घालून उलगडलेला दिसला, एका घडीवर कागद विरला आहे. सही तुमची, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. आई ती सही बोटाने चाचपत राहिली. मी आतून डिंकाने पट्टी लावली आणि काल सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म तलाठ्यांच्या हातात दिला. पोच घेतली आहे.

तलाठ्यांनी विचारले की चुलत्याने सुखाने सही केली का. मी म्हणालो की केली, एवढे पुरे.

तुम्ही लिहिले नाहीत तरी मी दर महिन्याला लिहीन. बजरंगदादाला सांगावे की इथे टँकरच्या रांगेत अभ्यासाला दीड तास निवांत मिळतो, हवे तर यावे. मी गणितात कच्चा आहे, त्याने शिकवावे. व्याकरण मी बघेन.

तुमच्या वाटणीचे रान आम्हीच कसतो आहोत. यंदा तूर पेरली आहे. त्यातले तुमचे पोते परत पाठवलेत तर पुढच्या एस.टी.ने पुन्हा येईल.

लोभ आटू देऊ नये. खाली हिशोब देतो, चूक असेल तर कळवावे.

तुमचा पुतण्या,
नरसिंग ग्यानोबा

झालेला खर्च:
एस.टी., जाऊन-येऊन: १४ रुपये
फोटो, दोन प्रती: १० रुपये
टपाल: ६ रुपये
सतरा नंबरच्या फॉर्मचा खर्च: ४० रुपये
एकूण: ७० रुपये

देणे:
तारामतीचे, फॉर्मसाठी तिने घातलेले: ४० रुपये
सटवाजीकाकांचे: वर्षाला एक पोते तूर, वर्षे वीस, एकूण पोती वीस
पैकी फेडलेली: शून्य
पहिले पोते: येत्या संक्रांतीला