डोक्यात भुसा नसल्याबद्दल

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी खुशाली वहिनींकडून कळते. तू स्वतः फोनवर येत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

बातमी अशी, की माझ्या डोक्यात भुसा नाही. आपले वडील जन्मभर उलट सांगत आले (आणि तू शेजारी उभा राहून मान डोलवत आलास), पण आता पुरावा आहे आणि तो तुझ्याच लेकीनं काढलाय. तिला तिच्या संशोधनासाठी एक धडधाकट म्हातारा हवा होता. मी लगेच हो म्हटलं, कारण नुसतं पडून राहणं मला उपजत येतं अशी माझी समजूत होती. तिनं पट्टा, चष्मा, किल्ल्या काढून घेतल्या (एमआरआय यंत्रातल्या त्या चुंबकाला लोखंडाचं वावडं नाही, उलट फारच प्रेम आहे), डोकं पिंजऱ्यात अडकवलं आणि मला बोगद्यात सरकवलं. आत कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारू लागलं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, ती सोसली. पण मग झोप लागली. घोरताना डोकं हललं आणि पडद्यावरचा माझा मेंदू ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा झाला. माइकवरून आवाज आला, "काका, पुन्हा करू. या वेळी जागे राहा."

दुसऱ्यांदा जमलं. पडद्यावर रंगीत धाग्यांचे झुपकेच्या झुपके. ती म्हणाली, हे धागे म्हणजे मज्जातंतू, आणि मेंदूतल्या पाण्याचे कण सारखे चुळबुळत असतात. धाग्याच्या लांबीच्या दिशेनं त्यांना मोकळी वाट, आडवं जायला अडथळा. ती चुळबुळ मोजली की धागे कुठून कुठे गेलेत, कुठे विरळ झालेत, हे कवटी न उघडता कळतं. सांगताना ती अगदी तुझ्यासारखी बोटं नाचवत होती.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा
(आता तपासून घेतलेला)

ता. क. तिला आता अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेली माणसं हवी आहेत. हात हलवणारे कोणते धागे शाबूत आहेत ते पाहायचं आणि काही महिने व्यायाम झाल्यावर पुन्हा पाहायचं. बरं करण्याचं वचन ती देत नाही. पण तुझ्या उजव्या हाताचा अंगठा अजून हलतो, म्हणजे बरंच काही शिल्लक असावं, असं तिला वाटतं. तिनं विचारलं तेव्हा तू "मी काय उंदीर आहे?" म्हणालास म्हणे. त्यानंतर ती जिन्यात बसून रडत होती. हे तिनं सांगितलेलं नाही, मी पाहिलं.

पुन्हा ता. क. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतोय. वहिनींनी तुझी पिशवी भरून ठेवली आहे. नकार द्यायचा असेल तर लेखी दे, आणि उजव्या हातानं. डाव्या हाताचं मी वाचणार नाही.